गणपतीच्या मांडवात डीएमडीची माहिती लावायची आहे, काय लिहू आणि काय नको?

मांडवातला_मामा (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा भाचा आठ वर्षांचा आहे, त्याला डीएमडी आहे, म्हणजे ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आजार. २०२४ च्या दिवाळीनंतर कळलं. त्याआधी आमच्या घरात सगळ्यांचं एकच, पोरगं मामावर गेलंय. कारण मी पण लहानपणी एक नंबरचा आळशी, काडेपेटी आण म्हटलं तरी तासभर लोळणारा. भाचा जिना चढताना कठडा धरून एक पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर, असा चढायचा आणि मी खालनं ओरडायचो, चल की रे म्हाताऱ्या. ते आठवलं की अजून झोप उडते. पोटऱ्या तर अशा गच्च की तालमीतली माणसं हात लावून म्हणायची हा पैलवान होणार बघा. आता डॉक्टरांनी सांगितलं की ती ताकद नव्हतीच, आतला स्नायू जाऊन तिथं चरबी भरत होती.

असो. मुद्दा असा की यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत आणि ७ सप्टेंबर हा जागतिक ड्युशेन दिवस असतो. ज्या जीनमधल्या बिघाडानं हा आजार होतो त्यात ७९ एक्सॉन, म्हणजे तुकडे, आहेत म्हणून सातवी तारीख नववा महिना. २०२४ ला तर ७ सप्टेंबरलाच गणपती बसले होते, मी दिवसभर मांडवात होतो, भाचा पण शेजारीच बसलेला, आणि आम्हाला या रोगाचं नाव सुद्धा माहीत नव्हतं. म्हणून मंडळाच्या मीटिंगमध्ये विषय काढला की यंदा या आजाराची माहिती लावूया. पोरं तयार झाली लगेच, आमची पोरं चांगली आहेत, पण पुढं गाडी घसरली. एकजण म्हणाला भाच्याचा व्हीलचेअरवरचा फोटो मोठा लावू आणि खाली क्यूआर कोड. मी म्हटलं अरे तो अजून चालतोय. तर म्हणे मग फोटोपुरता बसवू.

बहिणीला कळलं तशी ती म्हणाली माझ्या पोराचा फोटो लागला तर मी मांडवात पाय ठेवणार नाही. आता १० बाय ८ चा फ्लेक्स सांगून ठेवलाय आणि त्यावर काय लिहायचं ते कुणालाच सुचत नाही. गुगलवरनं काढून एक मजकूर केला होता तर तो आमच्या सेक्रेटरीलाच कळला नाही, आरती सुटली की प्रसाद घेऊन पळणाऱ्या माणसाला काय कळणार. ज्यांच्या घरात हे आहे त्यांनी सांगा, एकच गोष्ट लोकांना कळावी असं वाटलं तर कोणती?

---

नाशिकची_आई

दादा, ताईंचं बरोबर आहे, फोटोचा विषय सोडून द्या.

माझा मुलगा आता अकराचा आहे. मी सांगू का, मला कुणी दोन गोष्टी आधी सांगितल्या असत्या तर आमची दोन वर्षं वाचली असती. पहिली, मूल जमिनीवरून उठतं कसं ते बघा. आपलं साधं मूल मांडी घालून बसलेलं असेल तर टुणकन उठतं. माझा आधी पालथा व्हायचा, मग हात-पाय टेकून कुल्ले वर करायचा, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावरून हाताने चढत चढत उभा राहायचा. आम्हाला वाटायचं ही त्याची स्टाईल आहे, माझ्या सासूबाई तर हसून म्हणायच्या बघा आजोबा उठले. नंतर न्यूरोच्या डॉक्टरांनी ओपीडीत त्याला खाली बसवलं आणि ऊठ म्हणाले, तो उठेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं काहीतरी आहे. याला गॉवर्स साईन म्हणतात, १८७९ पासून डॉक्टरांना माहीत आहे. घराघरात मात्र ते अजून पोचलेलं नाही. फक्त एक, अगदी लहान मुलं पालथी होऊनच उठतात, त्यामुळे तीन वर्षांपुढच्या मुलांचंच बघायचं, नाहीतर उगाच आयांची झोप उडेल.

दुसरी गोष्ट सीपीके. ही स्नायूला इजा होतेय का ते दाखवणारी रक्ताची साधी तपासणी आहे, काही शे रुपयांत होते, आणि ती आमची कुणी केलीच नाही. झालं असं की तापात रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे लिव्हरसाठी बघतात तो आकडा, वाढलेलं. झालं, कावीळ. दोन वर्षं लिव्हरचं औषध, तेल बंद, तूप बंद, मुलगा वरण-भात खाऊन कंटाळला, सोनोग्राफी झाली, पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो आणि डोळे तर कधी पिवळे झालेच नाहीत. कुणाच्या लक्षात आलं नाही की एसजीपीटी, एसजीओटी स्नायूतून पण रक्तात येतं. शेवटी एका तरुण मुलांच्या डॉक्टरांनी सीपीके लिहून दिलं. नॉर्मल दोनशेच्या आसपास असतं, याचं आलं १४,८००. मला वाटलं लॅबवाल्याने एक शून्य जास्त टाकलंय. परत केलं, तेवढंच. मग एमएलपीए म्हणून जीनची टेस्ट केली, त्यात डिलीशन सापडलं, म्हणजे जीनचा एक भागच नाहीये.

म्हणून माझं मत विचाराल तर फ्लेक्सवर आजाराचं नाव छोट्या अक्षरात आणि उठायची ती चार चित्रं मोठी. आणि खाली एकच ओळ, असं उठत असेल तर सीपीके करा. बाकी जीन, प्रथिन, एक्सॉन ज्याला पाहिजे तो मोबाईलवर वाचेल.

---

रात्रपाळीवाला

हे तेच ना १६ कोटींचं इंजेक्शन? २०२१ ला मुंबईच्या आणि पिंपरीच्या बाळांसाठी लोकांनी पैसे गोळा केलेले, आम्ही पण कंपनीतून दिले होते. क्यूआर कोड लावायला काय हरकत आहे मग, लोक देतात की.

---

नाशिकची_आई

नाही हो, ते एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी. नावं सारखी वाटतात पण वेगळं आहे. एसएमएमध्ये मणक्यातल्या ज्या पेशी स्नायूला हुकूम देतात त्या जातात, अगदी तान्ह्या बाळांनाही होतो. डीएमडीमध्ये हुकूम व्यवस्थित पोचतो पण स्नायूला धरून ठेवणारं डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन तयार होत नाही, मग प्रत्येक हालचालीत स्नायू थोडा थोडा फाटत जातो. तुम्ही पैसे दिले ते खूप मोठं आहे, खरंच. पण ते औषध आमच्या मुलांना चालत नाही आणि गेली पाच वर्षं प्रत्येक लग्नात मला कुणीतरी येऊन तेच विचारतं.

डीएमडीची पण जीन थेरपी अमेरिकेत २०२३ ला मंजूर झालीये, किंमत ३२ लाख डॉलर. त्याने मुलं पूर्ण बरी होत नाहीत, आणि २०२५ मध्ये चालणं थांबलेल्या दोन मुलांचा ती घेतल्यावर लिव्हर फेल होऊन मृत्यू झाला. म्हणजे संशोधन सुरू आहे, आशा आहे, पण मांडवात कोटीचा आकडा लिहिला की लोकांच्या डोक्यात आकडाच राहतो आणि शेजारच्या पोराचं उठणं राहून जातं. सरकारी मदतीचं विचाराल तर २०२१ चं दुर्मिळ आजार धोरण आहे, त्यात मुंबईचं केईएम हे एक केंद्र आहे, तिथे नोंदणी करता येते. ताईंनी केली नसेल तर आधी ती करा.

---

सातारी_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वरच्या आईंशी शंभर टक्के सहमत. माझ्याकडे जी मुलं येतात त्यातली निम्मी आधी कुणाकडून तरी "व्यायाम कमी पडतोय" हे ऐकून आलेली असतात. वडील रोज पहाटे उठाबशा काढायला लावतात, जिना दहा वेळा चढ-उतर कर म्हणतात. प्रेमानेच करतात हो, पण या स्नायूला ताण दिला की तो बांधला जात नाही, अजून फाटतो. जिना उतरणं तर चढण्यापेक्षा वाईट. त्यापेक्षा टाचेची शीर रोज ताणणं, रात्री पायाला स्प्लिंट, पोहणं झेपत असेल तर पोहणं. ही मुलं चवड्यावर चालायला लागतात ना, ती टाच आखडू नये म्हणून ही धडपड. तेलाने मालिश करा, मुलाला बरं वाटतं, आजीला पण बरं वाटतं, फक्त रगडू नका आणि त्याने रोग जाईल असं सांगून कुणी पॅकेज विकत असेल तर दारातूनच परत.

अजून दोन गोष्टी फ्लेक्सवर नाही पण ताईंच्या पर्समध्ये पाहिजेत. एक, स्टिरॉईड. आपल्याकडे स्टिरॉईड म्हटलं की मावशी-काकू सगळ्या डॉक्टर होतात, चेहरा सुजला, वजन वाढलं, बंद कर. या मुलांना ते चालणं लांबवण्यासाठी, छाती-हृदय टिकवण्यासाठी दिलेलं असतं आणि ते एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. त्रास होतोय तर डॉक्टरांना विचारून डोस बदला. दुसरं, भूल. दात काढायचा असो की हात मोडलेला असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी डीएमडी आहे हे सांगायचंच. सक्सिनिलकोलीन म्हणून एक औषध या मुलांना दिलं तर हृदय थांबू शकतं, नाकावाटे देतात त्या भुलीचे गॅसही टाळतात. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून लॅमिनेट करून ठेवा, रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत कुणाला आठवत नाही.

---

पाचवी_ब

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. नाव नाही सांगत.

माझ्या वर्गात असा मुलगा होता. कवायतीला मागे राहायचा, मधल्या सुट्टीनंतर सगळ्यात शेवटी वर्गात यायचा, खो-खोत बसल्या जागेवरून उठेपर्यंत गडी पुढे गेलेला. मी त्याला "आमची एसटी" म्हणायचो, उशिरा येते पण येते. पोरं हसायची, तो पण हसायचा. नंतर कळलं. मी त्याच्या घरी जाऊन आलो, त्याची आई चहा करून द्यायला लागली तर मला तो पिववेना.

मामा, माझी विनंती एवढीच की फ्लेक्सचा एक छोटा कागद शाळेत पण पाठवा, ए-फोर चालेल. आरबीएसकेचं, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांच्यापुढे कुठलं मूल आवर्जून न्यायचं हे शिक्षकालाच ठरवावं लागतं, आणि आम्हाला काय बघायचं तेच माहीत नसतं. अंगणवाडीत पण द्या. तिथल्या ताई मुलांना रोज खाली बसवतात, उठवतात, त्यांच्याइतकं कोण बघणार.

---

धाकटी_मावशी

सगळं वाचलं. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय.

फ्लेक्सवर "हा आजार आईकडून येतो" असं कृपा करून लिहू नका. शास्त्राने ते अर्धंच खरं आहे आणि गावात ते पूर्ण खरं होऊन फिरतं. जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, त्यामुळे बहुतेक मुलग्यांनाच होतो आणि आई वाहक असू शकते, म्हणजे तिला स्वतःला बहुधा आजार नसतो पण तो बदललेला जीन तिच्याकडून पुढे जाऊ शकतो, वाहक असली तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, प्रत्येक मुलगी वाहक असायची निम्मी शक्यता. पण साधारण तीनातल्या एका मुलात तो बदल नव्यानेच झालेला असतो, आईच्या रक्तात काहीच सापडत नाही. माझ्या ताईला हे कळायच्या आधी सहा महिने सासरी रोज ऐकून घ्यावं लागलं की तुमच्या घरातून आलं, तुम्ही लपवलंत. आमचा एक मामा पंधराव्या वर्षी गेला होता, त्याला आजी "वारं गेलं" म्हणायची. तेव्हा कुणाला काय माहीत होतं. आणि आता आमच्यातही तेच वाक्य, मामावर गेला. तुमच्या पोस्टमध्ये ते वाचलं आणि अंगावर काटा आला, तुमच्याकडे ती थट्टा होती, आमच्याकडे ते खरंच निघालं.

ताईची टेस्ट पॉझिटिव्ह आली तेव्हा माझं लग्न ठरलेलं. आईचं म्हणणं होतं तू करूच नको टेस्ट, कळलं तर मोडेल. मी केली. होणाऱ्या नवऱ्याला घेऊन जेनेटिक कौन्सेलरकडे गेले, तो सगळं ऐकून बाहेर आला आणि पार्किंगमध्ये स्कूटर सापडेना म्हणून दहा मिनिटं चिडत राहिला, मला वाटलं संपलं. स्कूटर सापडल्यावर म्हणाला, म्हणजे दिवस राहिले की अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा तुकडा काढून बाळाला आजार आहे का ते तपासायचं, एवढंच ना? मी वाहक निघाले. लग्न झालं. ही टेस्ट करायला घरातल्या मुलाचं नेमकं म्युटेशन, म्हणजे जीनमधला बदल, आधी माहीत लागतं, म्हणून ताईच्या मुलाचा रिपोर्ट आम्ही सगळ्या बहिणींनी स्वतःच्या फाईलला लावून ठेवलाय.

आणि वाहक बायकांनी स्वतःचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायचा असतो, हृदयावर परिणाम होऊ शकतो. तुमच्या ताईंचा झालाय का? मुलाच्या मागे पळताना आयांचं हेच राहतं.

---

चाकावरून

व्हॉईस टायपिंग आहे, शब्द इकडे तिकडे झाले तर समजून घ्या.

मी २३ चा आहे, डीएमडी, अकराव्या वर्षी चालणं थांबलं. बीकॉम केलं, घरून जीएसटीची कामं करतो. रात्री बायपॅप, म्हणजे श्वासाला मदत करणारं मशीन, लावून झोपतो, सकाळी आई उठवून बसवते, मग खुर्चीची कांडी माझ्या हातात आली की मी मोकळा.

फ्लेक्सवर दोन शब्द टाळा, एक "मृत्यूशी झुंज" आणि दुसरं कुठलंही वय. "अमुक वर्षं जगतात" असं लिहिलेला बोर्ड मी नवव्या वर्षी एका शिबिरात वाचला होता. मोठ्या माणसांना वाटतं मूल खेळतंय. मूल वाचतंय. तुमचा भाचा आठ वर्षांचा आहे, त्याला वाचता येतं आणि तो मांडवात रोज येणार.

दुसरं. मी बारा वर्षं झाली आमच्या मंडळाच्या गणपतीची आरती रस्त्यावरून करतोय. मांडवाला तीन पायऱ्या आहेत. कार्यकर्ते चांगले आहेत, म्हणतात उचलतो की आम्ही दादा तुला. पण पॉवर चेअर शंभर किलोच्या वर जाते आणि माणूस उचलायला लागलं की सगळी गर्दी आरती सोडून माझ्याकडे बघते. मी मग म्हणतो इथूनच बरं दिसतं. दिसत काही नाही, समोर नारळवाल्याची गाडी असते.

तुम्ही डीएमडीची माहिती मांडवात लावणार आणि मांडवाला पायऱ्या असणार, हे तुम्हाला स्वतःलाच कसं वाटतं बघा. रॅम्प करा. एक फूट उंचीला बारा फूट लांब, त्यापेक्षा उभा केला तर खुर्ची मागे कलंडते. रुंदी चार फूट ठेवा. वरून कार्पेट घालू नका, चाकात गोळा होतं. १० बाय ८ चा फ्लेक्स लहान करा, त्यात फळ्या येतील.

आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा, २०१६ च्या कायद्यात २१ अपंगत्वं आहेत त्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी वेगळी लिहिलेली आहे. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळताना ते लागतं, आयत्या वेळी धावपळ होते.

---

रात्रपाळीवाला

दादा तुमचं वाचून आमच्या मंडळाच्या ग्रुपवर आत्ताच टाकलं रॅम्पचं. आमच्या पण पायऱ्याच आहेत, कधी डोक्यातच आलं नाही. वरच्या क्यूआर कोडबद्दल सॉरी.

---

मांडवातला_मामा (इचलकरंजी)

सगळ्यांचे आभार. काल रात्री बहिणीला हे सगळं वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, मावशींचं आलं तेव्हा उठून आत गेली. सकाळी स्वतःच म्हणाली इको कुठं करायचा बघ. केईएमच्या नोंदणीचं पण बघतोय.

मीटिंग परत झाली. फोटो आणि क्यूआर कोड गेले. फ्लेक्स ४ बाय ३ चा, पण तो मांडवाच्या तोंडाशी नाही लावायचा, महाप्रसादाच्या पंगतीजवळ लावायचा ठरलं. ही आयडिया आमच्या वाढपी पोराची. म्हणाला पंगतीत शंभर पोरं खाली बसतात आणि उठतात, आया शेजारीच असतात, चित्र बघून तिथल्या तिथं मान वळवून बघतील. आमच्यातला एक पोरगा चांगली चित्रं काढतो, त्यानं भाच्याला न सांगता त्याचं उठणं बघून चार चित्रं काढलीत. चेहरा नाही काढला. मजकूर असा केलाय, बघा जमतंय का:

"तुमचं मूल तीन वर्षांच्या पुढचं आहे आणि असं उठतं का? जिन्यात मागे पडतं, सारखं पडतं, चवड्यावर चालतं, पोटऱ्या फुगीर आहेत? तो आळस नाही. डॉक्टरांना सांगून सीपीके ही रक्ताची तपासणी करा. एसजीपीटी वाढलंय पण कावीळ दिसत नाही, तरी सीपीके करा. उठाबशा काढायला लावू नका."

खाली बारीक अक्षरात आजाराचं नाव. गुरुजी, ए-फोरच्या शंभर कॉप्या काढतोय, शाळा आणि अंगणवाड्यांना ७ तारखेलाच देतो, गणपतीची वाट बघत नाही.

रॅम्पचं मात्र अडलंय. आमचा मांडव दीड फूट उंच, म्हणजे अठरा फूट लागतात आणि समोर रस्ता सोडून आम्हाला जागा अकराच फूट. मांडववाला म्हणतो मधे सपाट चौथरा करून यू टर्न मारून देतो, नऊ फूट जायचं नऊ फूट यायचं, पण वळणावर खुर्ची फिरायला किती जागा सोडू ते त्याला कळत नाही. चाकावरून दादा, तुमची खुर्ची वळायला किती फूट घेते? जमलं तर मोजून सांगा, तो उद्या लाकूड कापणार आहे.

---

चाकावरून

आईने टेप लावून मोजलं. जागच्या जागी फिरायला पाच बाय पाच लागतं, तुम्ही सहा बाय सहा सोडा, म्हणजे मागे ढकलणारा माणूस पण मावेल. पण यू टर्नला दोन उतार शेजारी शेजारी येणार, चार-चार फुटांचे, म्हणजे आडवा चौथरा आठ फुटांचा होतो, सहा नाही. लांबी सहा केली तर नऊ आणि सहा पंधरा, अकरात बसत नाही. मांडव मागे सरकत नसेल तर रॅम्प बाजूने घ्या, गल्लीला समांतर. आणि कडेला दोन-तीन इंचाची पट्टी मारा, नाहीतर पुढचं चाक बाहेर जातं. माझं गेलंय एकदा.